लेट्स गो पिकाचू: गेममधलं अर्थिंग पक्कं आहे

“मामा, याला करंट लागूनच नाही राहिला!”

मे महिन्यातली दुपार, खाली सतरंजी, समोर कूलर. भाची पालथी पडलेली आणि तिच्या हातात माझा सेकंडहॅण्ड निन्टेन्डो स्विच, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, त्यात ‘पोकेमॉन लेट्स गो पिकाचू’. स्क्रीनवर ब्रॉक नावाच्या गड्याचा ओनिक्स, दगडी सापासारखा पोकेमॉन. तिनं तिच्या विजेच्या पोकेमॉनला, पिकाचूला, थंडरशॉक मारायला लावला, खाली ओळ आली की काहीच परिणाम झाला नाही. पुन्हा मारला, पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदा मारेपर्यंत ओनिक्सनं डोक्यानं धडक दिली आणि पिकाचू आडवा झाला.

तिला राग येणारच. आदल्याच रात्री तिनं आईच्या मोबाइलवर याच लढाईचा कार्टूनमधला भाग पाहिला होता. त्यात पिकाचू विजेनंच ओनिक्सला लोळवतो. इथं पिकाचू तोच, ओनिक्सही तोच, आणि गेम म्हणतो शून्य. “बिघडलेला आहे, परत करून ये,” असा हुकूम निघाला.

परत करायला मी एकदा जाऊन आलो होतोच. नागपुरात बर्डीवरच्या ज्या दुकानातून गेम घेतला, तिथं डबी पिकाचूची मिळाली आणि आत कार्ट्रिज निघालं जोडीच्या ‘लेट्स गो ईवी’चं. दुकानदार म्हणाला, “भाऊ, दोन्ही सेमच असते.” सेम नसते. ईवीवाल्यात रानात ऑडिश नावाचा पोकेमॉन सापडत नाही, पिकाचूवाल्यात बेलस्प्राउट सापडत नाही. हे मी चाळिशीकडे झुकलेला माणूस काउंटरला टेकून त्याला समजावत होतो आणि मागचं गिऱ्हाईक माझ्याकडं पाहून हसू दाबत होतं. शेवटी बदलून मिळालं. अठ्ठावीसशे रुपये, बिल नाही.

माझा धंदा वायरमनचा. नव्या ले-आउटमधल्या घरांची वायरिंग, अर्थिंग, मोटार, इन्व्हर्टर, जे पडेल ते. त्यामुळं २०१८ सालच्या या गेमबद्दल मी जे लिहितोय ते ग्राफिक्स किंवा गाण्यांबद्दल नाही, त्यावर पोरं लिहितीलच. विजेचा हिशोब कोणाचा बरोबर, गेमचा की कार्टूनचा, एवढंच मला सांगायचं आहे.

ओनिक्स दगड आणि जमीन अशा दोन टाइपचा. जमीन टाइपवर विजेचा अटॅक चालत नाही, हा नियम १९९६ च्या रेड आणि ग्रीन या पहिल्या गेमपासून आजतागायत तसाच आहे. इंग्रजी गेममध्ये त्या टाइपला ग्राउंड म्हणतात, आणि आमच्याकडं ग्राउंड म्हणजे अर्थिंग. आपण घराला अर्थिंग करतो म्हणजे काय करतो? खड्डा खणतो, पट्टी उतरवतो, भोवती मीठ-कोळसा भरतो आणि लिकेज करंटला जमिनीत जायची वाट करून देतो. जमिनीला काही होत नाही, ती करंट पिऊन घेते. पिकाचूनं कितीही गाल फुगवून वीज सोडली तरी ओनिक्सच्या अंगातून ती सरळ खाली. गेमचा हा नियम मला लहानपणीही पटला होता. तेव्हा शब्द माहीत नव्हता एवढंच.

आता कार्टून. ते १ एप्रिल १९९७ ला जपानात सुरू झालं, आणि ब्रॉकची लढाई पाचव्याच भागात आहे. पहिल्या दिवशी ॲश, म्हणजे पिकाचूचा मालक पोरगा, हरतो. मग एका पाणचक्कीवर पिकाचूला वीज भरून जादा चार्ज करून आणतात. दुसऱ्या लढाईत पिकाचूच्या विजेनं हॉलमध्ये आग लागते, छतावरचे स्प्रिंकलर सुरू होतात, ओनिक्स भिजतो, आणि भिजलेल्या ओनिक्सला करंट लागतो.

आमच्या शाळेतली सगळी पोरं या भागावर फिदा होती. चिप्सच्या पाकिटातले टॅझो हातात घेऊन मधल्या सुट्टीत आम्ही ही लढाई खेळायचो आणि ज्याच्याकडं ओनिक्स असेल त्याच्यावर बाटलीतलं पाणी ओतायचो.

पण पाणी टाकल्यानं करंट लागायला लागतो, हे अर्धंच खरं. ओल्या हातानं बटण दाबू नका म्हणतात ते ओल्या कातडीतून करंट सहज आत शिरतो म्हणून. जमिनीचं उलटं आहे. नागपूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, रेझिस्टन्सचं रीडिंग वर जातं, आणि मग आम्ही काय करतो? खड्ड्यात बादलीभर पाणी ओततो. पाणी ओतलं की अर्थिंग सुधारतं. म्हणजे स्प्रिंकलरनं भिजलेला ओनिक्स हा आधीपेक्षा चांगला अर्थिंगचा खड्डा झाला! वीज त्याच्या ओल्या पाठीवरून घसरून खाली जायला हवी.

कार्टूनला अर्धा मार्क मी देईन. पावसाळ्यात वीज पडून झाड उभं चिरलेलं असतं, ते आतल्या पाण्याची एका क्षणात वाफ होते म्हणून. दगडाच्या फटीत पाणी मुरलं असेल तर जोरदार विजेनं दगडही फुटू शकतो. लिहिणाऱ्याच्या डोक्यात हे असेल असं वाटत नाही, पण असो.

आणि गेमच्याच टाइपच्या तक्त्यावरून पाहिलं तर वेगळीच गंमत. पाणी दगडावर दुप्पट चालतं आणि जमिनीवरही दुप्पट, म्हणजे ओनिक्सवर चौपट. त्या हॉलमध्ये ओनिक्सला खरा मार बसला तो छतावरच्या पाण्याचा. जिंकल्याचा बिल्ला स्प्रिंकलरला द्यायला हवा होता. ॲशही लढाईनंतर हेच म्हणतो की हा विजय खरा नाही, तेव्हा त्या पोराला हिशोब कळतो असं म्हणावं लागेल.

कार्टूननं माझं खरं डोकं फिरवलं ते पुढं, ब्लेन नावाच्या गड्याशी झालेल्या लढाईत. समोर ऱ्हायडन, हाही जमीन आणि दगड. पिकाचूची वीज लागत नाही. मग ॲश ओरडतो, शिंगावर मार! पिकाचू शिंगावर वीज टाकतो आणि ऱ्हायडन पडतो. अरे, शिंग म्हणजे इमारतीवरचा लाइटनिंग अरेस्टर झाला. वीज त्या टोकावर घ्यायची आणि पट्टीवरून जमिनीत पाठवायची, म्हणजे खालची इमारत वाचते. टॉवरवर अरेस्टर बसवायचे पैसे लोक आम्हाला इमारत पाडायला देत नाहीत. गेमवाल्यांनी पुढं ऱ्हायडनला लाइटनिंग रॉड नावाचा गुण दिला, आणि २०१० च्या ब्लॅक आणि व्हाइटपासून तो गुण असलेल्यावर वीज पडली की तो उलटा आणखी जोरात मारतो. एकच शिंग, कार्टूनमध्ये त्यानं ऱ्हायडन मरतो आणि गेममध्ये तरतो. मी गेमच्या बाजूनं सही करायला तयार आहे.

ताकदीचं म्हणाल तर कार्टूनचं मीटर उलटं फिरतं. गेममध्ये लेव्हल चढली की चढली. कार्टूनमध्ये पिकाचू सिनो प्रदेशाच्या लीगमध्ये लॅटिऑससारख्या दंतकथेतल्या पोकेमॉनला बरोबरीत रोखतो, आणि पुढच्याच प्रदेशात, नुकताच मिळालेला स्नायवी घेऊन आलेल्या पोराकडून हरतो. वादळात वीज गेली होती हे कारण देतात. ठीक आहे, फ्यूज उडाला म्हणू. पण प्रत्येक नव्या प्रदेशात काही ना काही उडतंच, आणि २०२२ मध्ये हाच पिकाचू तेव्हाचा जगज्जेता लिऑन याच्या चारिझार्डला पाडून ॲशला जगज्जेता करतो. एवढं व्होल्टेज वरखाली होणाऱ्या घरात मी फ्रिजसुद्धा लावू देणार नाही.

लेट्स गोमध्ये या भानगडीवर सरळ तोडगा काढला आहे, आणि त्याचं कौतुक करायला हवं. साध्या पिकाचूच्या सगळ्या मूळ ताकदींची बेरीज ३२०. इथं खांद्यावर बसणाऱ्या पिकाचूची ४३०. वेग ९० चा १२०, अटॅक ५५ चा ८०. वर त्याला डबल किक शिकता येते, आणि ती दगडावर चालते. म्हणजे कार्टूनमधला पिकाचू एवढा जबरा का, याचं उत्तर गेमनं आकड्यात दिलं: हा पीस कंपनीतूनच वेगळा आलाय.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. कार्टूनमध्ये ॲश सारखा “चुकव!” ओरडतो. गेममध्ये प्रत्येकाला चार मूव्ह, त्यात चुकव नावाची मूव्ह कोणाकडंच नसते. पण २०१३ च्या एक्स आणि वायपासून पोकेमॉनला कुरवाळलं, खाऊ घातलं की तो कधी कधी तुमच्या हाकेसरशी वार चुकवतो, कधी शेवटच्या एका पॉइंटवर तग धरतो. इथंही पिकाचूला गोंजारायचं, बेरी भरवायची. भाची हे काम सकाळ-संध्याकाळ करते, तिच्या आईनं सांगितलेलं एकही काम ती इतक्या नेमानं करत नाही. हा थोडा वशिला आहे हे मान्य. पण आकड्यांच्या खेळात जीव कुठून आणायचा, हे गेमवाले कार्टूनकडूनच शिकले.

जीवाचंच बोलायचं तर तिथं गेम मार खातो. ओनिक्स ८.८ मीटर लांब, २१० किलो. पिकाचू ४० सेंटीमीटर, सहा किलो. कार्टूनमध्ये ओनिक्स वेटोळं आवळतो तेव्हा पिकाचूचा आवाज ऐकून भाचीनं उशी तोंडावर घेतली होती. गेममध्ये तेच वेटोळं म्हणजे प्रत्येक टर्नला हिरव्या पट्टीतून एक तुकडा कमी. ती त्या वेळी चिवडा खात होती.

बाकी तक्रारी थोडक्यात. रानातल्या पोकेमॉनशी बहुतेक लढताच येत नाही, नुसता बॉल फेकत बसायचं. जुन्या खेळाडूला हे अळणी लागेल. दुसरा कंट्रोलर हलवला की दुसरा माणूसही लढाईत उतरतो आणि समोरच्या एकट्यावर आपण दोघं तुटून पडतो, हे मला अजिबात बरं वाटलं नाही. भाचीला फार बरं वाटलं. आणि ब्रॉकच्या जिमच्या, म्हणजे लढाईच्या आखाड्याच्या, दारात अडवतात, गवताचा किंवा पाण्याचा पोकेमॉन दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. लहान पोरांसाठी ठीक आहे, पण आम्ही लहानपणी हरूनच शिकलो.

तर त्या दुपारी मी तिला विचारलं, “दारात दाखवायला कोण आणला होता?”

“ऑडिश.”

“मग त्याला पाठव न.”

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी कांद्याला कुस्तीत उतरवायला सांगतोय. अर्धा मीटर उंच, ५.४ किलो, डोक्यावर पाच पानं. पण ओनिक्सच्या बचावाची १६० ची भिंत आहे ती धडकांसाठी. रस शोषणारा अटॅक मोजतात दुसऱ्या भिंतीवर, आणि ती फक्त ४५ ची, वर गवत चौपट. ऑडिशनं एकदाच ॲब्झॉर्ब मारला आणि ८.८ मीटरचा साप घडी होऊन पडला. भाची सतरंजीवर उभी राहून नाचली. मग थांबून विचारलं, “मग ॲशनं हे का नाही केलं?”

ॲशकडं तेव्हा ऑडिश नव्हता, पण फुलपाखरासारखा बटरफ्री होता, आणि १९९८ चा यलो गेम खेळलेल्या कुणालाही विचारा, बटरफ्रीच्या कन्फ्यूजन नावाच्या अटॅकनं ओनिक्स आरामात जातो. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, “मग कार्टून पाच मिनिटांत संपलं असतं, मामा.”

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी अंगणात बादली घेऊन गेलो, अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण काढलं आणि पाणी ओतायला लागलो. ती दारात येऊन उभी राहिली.

“ओनिक्सला पाणी पाजून राहिला का रे?”