सहा फुटांचा डेमो, सतरा फुटांचं तळं

शेततळ्यात हवा सोडायला घेतलेला जळका ब्लोअर अजून गोठ्यात पडून आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला, दिला नाही. त्याच्या अंगावर विक्रेत्याचं एक चकचकीत स्टिकर आहे, आणि सगळा घोळ त्या स्टिकरखालीच होता.

आमचं शेततळं इंदापूर तालुक्यात, ४४ बाय ४४ मीटरचं, प्लास्टिकचा कागद टाकलेलं. केलं होतं डाळिंबासाठी. पाणी असतंच तर मासेही होऊ देत म्हणून रोहू-कटल्याची बोटुकली सोडली. पहिल्या वर्षी माल भिगवणच्या बाजारात बरा गेला, म्हणून दुसऱ्या वर्षी संख्या वाढवली. मग पहाटे मासे तोंड वर काढून पाण्यावर यायला लागले. रात्रभर शेवाळही श्वास घेतं आणि मासाही, त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. तेव्हा एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, लागणार हे कळत होतं. आसपास सगळ्यांकडे पॅडल व्हील, म्हणजे पाण्यावर फिरणारा पंखा. मला मात्र भेटला तळातून हवा सोडणारी सिस्टीम विकणारा.

"दादा, पंखा वरवरचं पाणी उडवतो. आपली डिस्क तळातून हवा देते," म्हणाला. त्याचं हे म्हणणं खोटं नव्हतं. फसवणारा माणूस सगळंच खोटं बोलत नाही, म्हणून तर पटतो.

दोन एचपीचा ब्लोअर, तळाशी ठेवायच्या बारीक भोकांच्या आठ डिस्क, पाइप, फिटिंगसकट ९२,००० रुपये. फिटिंग झालं मे महिन्यात. डाळिंबाला पाणी देऊन देऊन तळं सहा फुटांवर आलेलं. बटण दाबलं आणि आठही ठिकाणी पाणी उसळायला लागलं. तळ्यात बुडबुडे आणि मला आनंदाच्या उकळ्या! तरी एक विचारलं होतं, "पावसाळ्यात सतरा फूट भरतं, तेव्हा?" तो हसला. "वीस फुटालासुद्धा मारतो. मी आहे ना." अर्धे रोख, अर्धे फोनवरून दिले. बिल कच्चं, त्यावर एवढंच : एरेशन सेट, १ नग.

जुलैत तळं आठ-नऊ फुटांवर गेलं तसे लांबच्या डिस्कचे बुडबुडे थांबले. मग सगळेच. ब्लोअर मात्र घरघरत होता. त्याला हात लावला तर चटका बसायचा, तोंडापाशी जोडलेला पीव्हीसी पाइप मऊ होऊन वाकला होता. स्टार्टर सारखा ट्रिप व्हायचा. फोन केला तर म्हणे, "लाईटचा प्रॉब्लेम आहे, रिलेचा काटा थोडा वाढवा." ताण आला की मोटर बंद करणारा तो रिले मी वाढवला. हा मूर्खपणा माझा, त्याच्या खात्यावर टाकणार नाही. तिसऱ्या दिवशी जळक्या वार्निशचा वास आला आणि मोटर बसली. वॉरंटी विचारली, तर मोटर जळली की वॉरंटी संपली.

पोराने गंमत म्हणून नखाने ते स्टिकर खरवडलं. खाली कंपनीची मूळ पाटी निघाली. त्यावर लिहिलेलं : १.५ एचपी, जास्तीत जास्त दाब २६० मिलीबार.

हा आकडा तेव्हा मला परका होता, आता पाठ आहे. एक फूट पाण्याखाली हवा ढकलायला साधारण ३० मिलीबार दाब लागतो. सहा फुटाला १८०, वर पाइप आणि डिस्कचा अडथळा धरला तरी २६० मध्ये भागतं. सतरा फुटाला ५१० लागतात. म्हणजे माझा ब्लोअर सहा फुटाचाच होता. मे महिन्यातला डेमो खोटा नव्हता, फक्त मेपुरता होता. अशा गोल, गोगलगायीसारख्या दिसणाऱ्या रिंग ब्लोअरला दाब झेपला नाही की हवा जात नाही, करंट वाढतो आणि तो स्वतःच भाजून निघतो. मी रिले वाढवून त्याची शेवटची वाटही बंद केली.

यानंतर माणूस शहाणा होतो म्हणतात. मी त्याच विक्रेत्याकडून दुसरा ब्लोअर घेतला. जुने पाइप, डिस्क त्याच्याच, आणि तो फोनवर इतका गोड की "झालं ते झालं दादा, रूट्स ब्लोअर लावून देतो, फक्त फरक द्या." फरक ९५,००० रुपये. आई म्हणाली, "दुधाने पोळल्यावर माणूस ताक फुंकून पितो, तू परत दूधच प्यायला निघालास." आता आठवतं.

नवा, जास्त दाबाचा ब्लोअर खरंच दमदार होता. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी पाचला विक्रेत्याच्या पोराने जोडला. त्याला पुढे करमाळ्याला जायचं होतं, घाईत होता. त्या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची लाईट. जाताना म्हणाला, "आता बंद करू नका. रात्रभर पळू द्या, सकाळी बघा पाणी कसं होतंय ते."

पहाटे चारला आईनेच उठवलं. "मळ्यात काहीतरी कुजलंय." बॅटरी घेऊन गेलो. वास सडक्या अंड्यांचा. संध्याकाळी हिरवं असलेलं पाणी राखाडी-काळं झालेलं, आणि बुडबुड्यांच्या कडेने मासे तोंडं वासून फिरत होते. एक मोठा कटला माझ्या पायापाशी कागदाच्या उतारावर येऊन पडला, कल्ले हळूहळू हलत होते. विक्रेत्याला फोन लावला. उचलला, हे विशेष. म्हणाला, "चालूच ठेवा, ऑक्सिजन वाढेल." उजाडेपर्यंत पाणी पांढरं दिसायला लागलं, पोटं वर केलेल्या माशांनी. आधी मोठे मेले, बारके त्यातल्या त्यात तगले. भरून मोजले, अकरा क्विंटलच्या वर.

काय झालं ते नंतर एका जुन्या मत्स्यशेतकऱ्याने सांगितलं. खोल तळ्यात वरचं गरम पाणी आणि तळाचं गार पाणी महिनोन्‌महिने मिसळत नाही. तळाशी खाद्य, विष्ठा, पालापाचोळा सडतो, तिथला ऑक्सिजन संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया साठत जातो. वर मासे मजेत असतात कारण ते वरच राहतात. अशा तळ्यात पहिल्याच रात्री पूर्ण ताकदीने तळातून हवा सोडली की सगळं विष एका झटक्यात वर येतं आणि उरलासुरला ऑक्सिजनही खाऊन टाकतं. त्यातही वेळ रात्रीची, म्हणजे आधीच कमी.

त्यांनी सांगितलेली रीत साधी आहे. पहिल्या दिवशी स्वच्छ ऊन असताना, दुपारी, अर्धा तास. दुसऱ्या दिवशी एक तास, मग दोन, चार, आठ, सोळा, आणि सातव्या दिवशी चोवीस तास. मध्ये वास आला किंवा मासे वर आले तर बंद करून दुसऱ्या दिवशी परत आदल्याच वेळेवर. उरलेल्या माशांवर मी तसंच केलं, सातव्या दिवसापर्यंत एकही मेला नाही. ब्लोअर पाण्याच्या पातळीच्या वर ठेवला, लाइनला एनआरव्ही, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, टाकला, नाहीतर लाईट गेली की पाणी पाइपमधून उलटं येतं. तोंडापाशी चार फूट लोखंडी पाइप घेतला. आणि अर्थिंग! विक्रेत्याच्या पोराने केलंच नव्हतं. पुतण्याला ओल्या हाताने झिणझिण्या आल्या तेव्हा कळलं. वायरमनकडून खड्डा घेऊन अर्थिंग केलं, करंट गळाला की लाईट तोडणारा ईएलसीबी बसवला.

विक्रेत्याचं म्हणणं, "तुम्ही खाद्य जास्त टाकलंत." त्यानंतर नंबर ब्लॉक.

मेलेले मासे मी त्याच दिवशी चुना टाकून पुरले. वास सहन होत नव्हता, पण मत्स्यव्यवसाय विभागाच्या माणसाला आधी दाखवून लेखी घ्यायला हवं होतं. आता माझ्याकडे बारा फोटो, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आणि ते कच्चं बिल. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तिथून पुढे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही, पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. समोरच्याचा वकील म्हणणार की शेती हा धंदा, तुम्ही ग्राहक नाही. पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा माणूस ग्राहक ठरतो, हे कायद्यातच आहे, असं आमचे वकील सांगतात.

कुणी असा सेट घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी दोरीला दगड बांधून भरलेल्या तळ्याची खोली मोजा, फुटाला ३० ने गुणा आणि स्टिकर सोडून मूळ पाटी बघा. बिलावर खोली आणि दाब लिहून मागा. लिहून द्यायला कां-कूं केली तर चहा पाजून परत पाठवा.

पुढच्या महिन्यात तारीख आहे. ब्लोअर टेम्पोत घालून न्यावा म्हणत होतो. वकील म्हणाले फोटो पुरेल, पण दोन काढा : एक स्टिकरचा, एक खरवडलेल्या बाजूचा.