पोषणाचे धडे कुठे द्यायचे: समाजमंदिरात, बचत गटात की कामाच्या जागी?

वस्तीतल्या मोठ्या माणसांसाठी पोषण शिक्षणाचा उपक्रम काढायचा म्हटलं की पुण्यातल्या संस्था आधी अभ्यासक्रम लिहायला बसतात. तक्ते छापून होतात, आहारतज्ज्ञ ठरतात आणि जागा सगळ्यात शेवटी शोधली जाते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. लोकांना कुठे आणि त्यांच्या कोणत्या वेळेत गाठणार, त्यावर काय शिकवता येईल हे ठरतं.

समाजमंदिरात किंवा अंगणवाडीच्या खोलीत आठवड्याला एक असा स्वतंत्र वर्ग हा नेहमीचा पर्याय. त्यात विषय क्रमाने घेता येतो, शेगडी मांडून पदार्थ करून दाखवता येतो आणि हजेरीपट भरला की पैसे देणाऱ्यांना अहवाल लिहिणं सोपं जातं. कर्वे रस्त्यावरच्या एसएनडीटीच्या गृहविज्ञान महाविद्यालयासारख्या ठिकाणच्या विद्यार्थिनी जोडून घ्यायच्या असतील तर हीच रचना बरी पडते. घोडं अडतं ते वेळेवर. धुणीभांडी करणारी बाई सकाळी सातला बाहेर पडते, दुपारी दोन-तीनला परतते आणि पुन्हा संध्याकाळच्या कामांना निघते. मधल्या तासा-दोन तासांत तिने पाठ टेकावी की जीवनसत्त्वांवर व्याख्यान ऐकावं? त्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने पाणी हे पुणेकरांच्या अंगवळणी पडलेलं, म्हणजे तो वार गेलाच. महिनाभरात वर्गाला उरतात ज्यांना सवड आहे त्या. गरज असलेल्या बहुतेक कामावर असतात.

बचत गटाच्या बैठकीत अर्धा तास मागून घेणं हा दुसरा पर्याय, आणि माझा कल इकडे आहे. गटात दहा ते वीस जणी असतात आणि हप्ता भरायचा म्हणून त्या येतातच. त्यांना गोळा करायला वेगळी माणसं लागत नाहीत. महापालिकेच्या समाज विकास विभागाकडे गटांची माहिती असते, सुरुवात तिथून करता येते. महिन्याला एकच बैठक, म्हणून विषयही एकच आणि तो हिशेबाच्या भाषेत मांडावा लागतो. माझ्या लेखी हा तोटा नाही, कारण या बायका हिशेबात पक्क्या असतात.

मिठाचंच बघा. माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, हे वर्गात सांगितलं तर माना डोलावल्या जातात आणि विषय संपतो. गटात विचारायचं, ‘चार माणसांच्या घरात एक किलोचा पुडा किती दिवस पुरतो?’ 5 ग्रॅमने तो 50 दिवस पुरायला हवा. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ वेगळं, म्हणजे खरं तर आणखी जास्त दिवस. तेलाचंही तसंच. चौघांत पाच लिटरचा डबा महिन्यात संपला तर माणशी रोजचं जवळपास 38 ग्रॅम तेल झालं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत 2000 किलोकॅलरीच्या आहारात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरलं आहे. एवढं सांगितलं की पुढची चर्चा बायका स्वतःच चालवतात: वडे कोणाकडे जास्त होतात, तळून उरलेल्या तेलाचं काय होतं.

रक्त कमी असण्याचा विषयही इथेच चांगला निघतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. मटकीला मोड आणून उसळ, वर लिंबू आणि जेवणाला लागून चहा नाही: तिन्ही गोष्टी लोह अंगी लागायला मदत करतात आणि त्यांचा फार खर्च नाही. उपवासाला दर वेळी साबुदाण्याऐवजी राजगिरा किंवा भगर, हेही सहज बोलून जातं. मात्र हिमोग्लोबिन फार खाली गेलेलं असेल तर उसळीने ते भरून येत नाही. त्या बाईला महापालिकेच्या दवाखान्यात गोळ्यांसाठी पाठवायचं, आणि ती जाऊन आली का ते पुढच्या बैठकीत विचारायचं.

गटाची खरी उणीव वेगळी आहे. सगळ्यात गरीब बाई अनेकदा गटात नसतेच, कारण तिला दर महिन्याचा हप्ता झेपत नाही. नव्याने भाड्याने राहायला आलेलं कुटुंबही बाहेर राहतं. शिवाय पुरुष नाहीत, आणि घरात मटण कधी आणायचं, बाहेर किती खायचं हे बहुतेक तेच ठरवतात.

पुरुषांसाठी कामाची जागा गाठावी लागते: बांधकामाची साइट, मजूर अड्डा, मार्केट यार्ड. तिथे शिकवण्यापेक्षा खायला काय मिळतं यालाच जास्त वजन. हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेने 1974 मध्ये ‘कष्टाची भाकर’ हा जेवणाचा उपक्रम सुरू केला तो कष्टकऱ्याला परवडणारं जेवण मिळावं म्हणून; त्यापुढे तक्ता लावण्याला फारसा अर्थ नाही. साइटवर मुकादमाची परवानगी लागते, मिळतात दहा मिनिटं, आणि निम्मे लोक मराठी नसल्याने हिंदीत बोलावं लागतं. व्हॉट्सॲपचे व्हिडिओ आठवण करून द्यायला ठीक, शिकवायला नाहीत.

शिकवणारी कोण, हा प्रश्न तिन्हीकडे येतो. अमेरिकेत 1969 पासून चालणाऱ्या एफनेप या पोषण शिक्षणाच्या सरकारी कार्यक्रमात त्याच भागातल्या स्त्रियांना तयार करून शिकवायला पाठवतात, आणि ते मला पटतं. आहारतज्ज्ञ महिन्यातून एकदा त्या बाईला तयार करेल, वस्तीत बोलेल ती बाईच. रेशनवर काय मिळतं आणि पालेभाजीची जुडी रात्री किती उतरते, हे तिला विचारावं लागत नाही. पण तिला मानधन द्या. ‘समाजसेवा’ म्हणून फुकट राबवून घेऊ नका.

हातात एक कार्यकर्ती आणि वर्षभराचा निधी असेल तर एकाच वस्तीतले पाच-सहा गट धरा. स्वयंपाकाची सोय असलेली खोली आणि विद्यार्थिनी आधीच असतील, तर वर्ग रविवारी दुपारी ठेवा आणि चारच आठवड्यांचा करा. कामाची जागा दुसऱ्या वर्षासाठी. मोजमापाला परीक्षेचा कागद नको, ‘काल सकाळपासून काय काय खाल्लं?’ एवढंच पहिल्या आणि सहाव्या महिन्यात विचारा. गटाबाहेरच्या बायकांना हप्त्याशिवाय बैठकीला बसू द्यायचं की नाही, हे गटाच्या अध्यक्षबाईंशी पहिल्याच भेटीत बोलून घ्या. नंतर काढलेला हा विषय भांडणावर जातो.