एक्स्चेंजला द्यायची गाडी रंगवू नका: नाशिकमध्ये मला बसलेला ६६,५०० रुपयांचा फटका

शोरूमचा माणूस ‘एवढं डेंटिंग-पेंटिंग करून आणा, मग पूर्ण भाव देतो’ म्हणाला, की तिथूनच उठा आणि बाहेर या. एवढंच सांगायला लिहायला बसलोय. पुढचं माझं रडगाणं आहे, पण आकड्यांसकट आहे, म्हणून वाचा.

गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, २०१६ ची, सिल्व्हर, पहिला मालक मीच, ६१,००० किलोमीटर. इंजिन, गिअर, एसी ठणठणीत. रविवार कारंजावर एका दुचाकीच्या हँडलने मागच्या डाव्या दरवाजावर ओढलेला ओरखडा होता, सोसायटीच्या खांबाला घासलेला मागचा बंपर, पुढच्या फेंडरला मुठीएवढा पोचा आणि बोनेटवर हायवेच्या खडीचे टिपके. नऊ वर्षांत कोणाच्या गाडीला एवढं होत नाही? आमच्या कंपनीतला एक जण ती जशी आहे तशी ३,३०,००० ला मागत होता. त्याला दिली नाही, कारण तो पैसे दोन हप्त्यांत देणार होता, आणि नाव ट्रान्सफर होईपर्यंत उद्या त्याने कुठे ठोकली तर नोटीस माझ्या पत्त्यावर. म्हणून एक्स्चेंज. हा निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही.

गणपती विसर्जन झाल्यावर हायवेवरच्या एका शोरूममध्ये गेलो. नाव लिहीत नाही, वकिलाने मनाई केली आहे. व्हॅल्युएशनवाला पोरगा गाडीभोवती फिरला, मोबाइलवर फोटो काढले आणि व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने लिहिलं: ३.६५, त्याखाली वजा ४५. म्हणजे जशी आहे तशी दिली तर ३,२०,०००, आणि ‘बॉडी क्लीन’ करून आणली तर ३,६५,०००. मी म्हटलं, हे लेटरहेडवर द्या. तर म्हणे, “सर, आपल्याकडे शब्दावर चालतं.” जो शब्द कागदावर येत नाही त्याची किंमत शून्य धरा. एक्स्चेंज बोनस आणि गाडीचा भाव हे दोन आकडे वेगवेगळे लिहून मागा. मला शेवटी ‘बोनस त्यातच धरलाय’ असं ऐकवलं गेलं.

आधी तो म्हणाला, इन्शुरन्समध्ये क्लेम टाका, खिशाला तोशीस नाही. तिथे मी फसलो नाही, हे मुद्दाम सांगतो. पाच वर्षं क्लेम नसला की नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, ५० टक्क्यांवर पोचतो, आणि तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विमा कंपनीकडून पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीच्या पॉलिसीला लावता येतो. चार ओरखड्यांसाठी तो घालवायचा? मी नाही म्हटलं. मग लगेच दुसरा रस्ता आला: पाथर्डी फाट्याकडे आमच्या ओळखीचं गॅरेज आहे, २४,००० मध्ये काम होईल. पितृपक्षात तशीही डिलिव्हरी कोणी घेत नाही, तेवढ्यात उरकून घ्या, दसऱ्याला नवी गाडी दारात.

हिशेब करून बघा. २४,००० घालायचे, ४५,००० वाढवून घ्यायचे, २१,००० वर. मी परचेसमध्ये आहे, दिवसभर कोटेशनंच बघतो. या आकड्यांत खोट कुठे होती? आकडे बरोबरच होते. फक्त पहिला खर्च माझ्या हातातला होता आणि दुसरी रक्कम त्यांच्या.

आता ती वेळ, जी आठवली की अजून डोकं तापतं. गॅरेजमध्ये एक वयस्कर पेंटर होता, सगळे त्याला मामा म्हणत. त्याने दरवाजावरच्या ओरखड्यावरून नख फिरवलं. नख अडकलं नाही. मग खिशातून फडकं काढलं, त्यावर बोटभर कंपाउंड घेतलं आणि गोल गोल घासायला लागला. माझ्यासमोर, मिनिटभरात, वीतभर ओरखडा अर्धा पुसला गेला. तेवढ्यात आतून शेठ ओरडला, “मामा, ते राहू द्या, पूर्ण पॅनलच मारायचंय!” मामाने माझ्याकडे पाहिलं, फडकं खांद्यावर टाकलं आणि निघून गेला.

कळायला हवं होतं ते तेव्हाच. पण त्या क्षणी कोणाला कळलं असतं? मला वाटलं, शेठ चांगलं काम करून द्यायचं म्हणतोय. ज्याला रंगातलं काही कळत नाही तो गॅरेजवाल्यावरच विसंबणार ना. तर ऐका: नख अडकत नसेल तर ओरखडा वरच्या क्लिअर कोटमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच असतो, रबिंग-पॉलिशने जातो, हजार-दोन हजारांत. पोच्यावरचा रंग फुटला नसेल तर रंग न मारता आतून पत्रा दाबून डेंट काढणारे असतात. माझ्या फेंडरचा रंग शाबूत होता. तरी तिथे लांबी, म्हणजे पुट्टी भरली.

२४,००० चे ३१,५०० झाले. ‘बोनेट पण मारावं लागेल, नाहीतर फरक दिसेल.’ पक्कं बिल मागितलं तर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५,६७०. मी म्हटलं राहू द्या. २०,००० शेठच्या खासगी नंबरवर यूपीआयने, ११,५०० रोख. एका कोऱ्या कागदावर ‘डेंटिंग पेंटिंग ३१,५००, पेड’. कोणी ५,६७० वाचवण्याच्या विचारात असेल तर नका वाचवू. पुढे जिथे जिथे गेलो तिथे पहिला प्रश्न बिलाचाच होता.

ट्यूबलाइटखाली गाडी नवी कोरी दिसत होती. उन्हात पेट्रोल पंपावर उभी केली तेव्हा मागचा दरवाजा आणि त्याच्या मागचा पत्रा, दोन वेगळे सिल्व्हर. सिल्व्हरमध्ये धातूचा बारीक चुरा असतो. स्प्रे गन कितपत लांब धरली, थर ओला पडला की कोरडा, यावर शेड बदलते. हे मला आता माहीत आहे.

दसऱ्याला दोन दिवस राहिले असताना गाडी दाखवायला नेली. या वेळी तो पोरगा नाही, दुसराच माणूस, हातात रंगाची जाडी मोजायचं मीटर. छतावर लावलं: ११० मायक्रॉन. दरवाजावर: २६०. फेंडरवर: ६८०. मग दरवाजाच्या रबराची कड नखाने उचलून आतली टेपची रेघ मला दाखवली. “सर, चार पॅनल रिपेंट, फेंडरला पुट्टी. ही अ‍ॅक्सिडेंटल कॅटेगरीत जाते.” कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. त्यावर दुसरा रंग चढला की आकडा दुप्पट, लांबी असेल तर कितीही. ओरखडा दिसला तर घेणाऱ्याला ओरखडा कळतो; रंग दिसला तर त्याला वाटतं खाली काय लपवलंय कोण जाणे. म्हणून ओरखड्यांसकट ओरिजिनल पेंटला भाव जास्त. हे पहिल्या दिवशी त्या पोराला माहीत नव्हतं? आणि पहिल्या दिवशी हे मीटर कुठल्या ड्रॉवरमध्ये होतं?

रिपेंटचे ६०,००० कापले. वर आणखी २०,०००, कारण म्हणे नव्या गाड्यांवरचा जीएसटी कमी झाल्याने जुन्या गाड्यांचे भाव पडलेत. छोट्या गाड्यांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला हे खरं. पण घोषणा ३ सप्टेंबरला झाली होती, पेपरात पहिल्या पानावर होती, आणि यांनी मला ३.६५ लिहून दिले ते त्यानंतर. मी हे बोललो. “सर, मार्केट आहे,” एवढंच उत्तर.

हातात आले २,८५,०००. जशी होती तशी दिली असती तर ३,२०,०००. फरक ३५,०००, त्यावर गॅरेजचे ३१,५००. एकूण ६६,५००.

‘मग दिलीच कशाला?’ हे विचारणाऱ्यांना माझा प्रश्न: नव्या गाडीचे बुकिंगचे २१,००० अडकलेले, कर्जाची रक्कम बँकेने शोरूमला वळती केलेली, सासू-सासरे निफाडहून पूजेला आलेले, आणि परवा दसरा. तुम्ही काय केलं असतं? मुहूर्ताची तारीख त्यांना कळली की तुमची बाजू संपली. डिलिव्हरीची तारीख सांगायच्या आधी जुन्या गाडीचे पैसे ठरवून कागदावर घ्या. नाव ट्रान्सफरच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करू नका, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख भरल्याशिवाय तर मुळीच नाही. ते म्हणतात सगळेच करतात. करू देत.

यानंतर तक्रारीची जत्रा. पोलीस ठाण्यात गेलो. मी म्हटलं ४२० लावा. अंमलदाराने मान वर केली आणि सांगितलं, “आता ४२० नाही साहेब, भारतीय न्याय संहिता आली, ३१८.” कलम दुरुस्त करून दिलं, तक्रार मात्र घेतली नाही. तुम्ही राजीखुशीने सही केली ना, मग ही दिवाणी बाब. मी म्हटलं, दोघांनी संगनमताने केलंय. पुरावा? व्हिजिटिंग कार्ड दाखवलं. “यावर गाडीचा नंबर कुठाय? सही कुठाय?” खरंच नव्हती. अर्जावर शिक्का तरी मारून द्या म्हटलं तर शिक्का साहेबांकडे, साहेब बंदोबस्ताला. नंतर गेलो तर अर्ज घेणारा बदललेला, पुन्हा पहिल्यापासून कहाणी. त्यालाही ऐकवून झाल्यावर सल्ला मिळाला: मिटवून घ्या.

एका ग्राहक सेवा केंद्रात तक्रार ऑनलाइन टाकली. शोरूमने उत्तर पाठवलं: ग्राहकाने स्वेच्छेने व्यवहार केला, गॅरेजशी आमचा संबंध नाही. त्या केंद्राने हे उत्तर जसंच्या तसं मला पाठवलं आणि तक्रार ‘निकाली’. कोणाच्या बाजूने निकाली? मी उलट विचारलं तर ‘नवीन तक्रार नोंदवा’. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या कस्टमर केअरने सांगितलं, जुन्या गाडीचा भाव हा डीलरचा विषय. डीलर म्हणतो व्हॅल्युएशनची एजन्सी वेगळी. एजन्सी म्हणते मार्केट. मार्केटचा पत्ता कोणी देईना. अर्धी रजा टाकून ज्या कार्यालयात गेलो तिथल्या बाईंनी गॅरेजच्या कागदाकडे बघून विचारलं, “हे बिल आहे?” अहो, बिल असतं तर मी आधीच्या दारावर थांबलो नसतो का?

हे चालू असतानाच जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत माझी गाडी दिसली. तोच नंबर, अर्धा झाकलेला, मागच्या काचेवर आमच्या शाळेचं स्टिकर तसंच. ४,३९,०००. खाली लिहिलेलं: सिंगल ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, ओरिजिनल पेंट. मी विकताना अ‍ॅक्सिडेंटल, त्यांनी विकताना ओरिजिनल! बघताक्षणी तारखेसकट स्क्रीनशॉट घेऊन ठेवला. तुम्हीही गाडी दिल्यावर महिनाभर अशा जाहिराती चाळत राहा.

सिन्नरचा माझा मेहुणा टेम्पो चालवतो. त्याला सांगितलं तर हसला. “अहो दाजी, विकायच्या गाडीला आम्ही फक्त धुतो.” आत वॅक्यूम, बाहेर पाणी, फार तर रबिंग. त्याच्या मते तुटलेला लाइट, फुटलेला आरसा, तडा गेलेली काच एवढं बदलावं, कारण ते पार्ट नवे आले की संशय येत नाही. पत्र्याला हात लावू नये. हे त्याने आधी सांगायला मी त्याला आधी विचारायला हवं होतं, असं बायकोचं म्हणणं. पण मी विचारणार कशाला, माझ्याकडे शोरूमचा ‘एक्स्पर्ट’ होता. आणि दोन-तीन ठिकाणी गाडी दाखवून भाव घ्या, एकाच शोरूमच्या आकड्यावर खर्चाचा निर्णय घेऊ नका. हे सगळे सांगतात, मीही दुसऱ्यांना सांगत आलोय.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येतं, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. वकिलाने मागितलं ते असं: यूपीआयचा पुरावा, पहिल्या दिवशीचे फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, आणि त्या पोराने मला गॅरेजचं लोकेशन पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. तो सुदैवाने डिलीट केला नव्हता, त्यात लिहिलंय ‘शेठला माझं नाव सांगा’. त्यांचा गॅरेजशी संबंध नाही, नाही का?

पाथर्डी फाट्याकडच्या गॅरेजला कोणाला शोरूममधून असंच पाठवलं असेल, तर तुमचे मेसेज आणि कच्चे कागद फेकू नका. मला कळवा, तारखा जुळवून बघू.