टायगर कबला नवी चासी: अकरा महिन्यांनंतर

नवी चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, बसवल्यावर टाकीत दोन लिटर पेट्रोल धरून माझी मोटरसायकल काट्यावर ८८ किलो भरली. मूळची रस्त्यावरची ट्रायम्फ टायगर कब, ही जुनी छोटी ब्रिटिश मोटरसायकल, शंभर किलोच्या आसपास असते, त्यामुळे मी खूश होते. घरी इचलकरंजीला फोन करून आप्पांना पहिला सांगितला तो हा आकडा. आता अकरा महिने आणि एकोणीस ट्रायल्स झाल्यावर मला वाटतं, आकडा चुकीचा सांगितला. सांगायला हवं होतं ते हे, की नव्या चासीत फुटरेस्ट (पाय ठेवायच्या खुंट्या) जुन्या जागेपेक्षा ६० मिलिमीटर मागे आणि ४० मिलिमीटर खाली आहेत.

ट्रायल्स हा मोटरसायकलचा खेळ आपल्याकडे फारसा माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. त्यात वेगाला किंमत नाही. ओढ्यातले दगड, चिखलाचा चढ, झाडांची मुळं अशा वीस-तीस मीटरच्या तुकड्याला सेक्शन म्हणतात. उजवीकडे लाल खूण, डावीकडे निळी आणि दोन्हींच्या मधून वाट. पाय न टेकता गेलात तर शून्य. एकदा टेकला तर एक, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन. गाडी थांबली किंवा खुणेबाहेर गेली की पाच. दिवसाअखेर ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकला. १९६१ साली गॉर्डन जॅक्सन हा स्वार ३५० सीसीच्या एजेएस मोटरसायकलवर स्कॉटलंडची सहा दिवसांची स्पर्धा जिंकला, आणि त्या सहा दिवसांत त्याचा फक्त एक गुण गेला. एकदाच पाय टेकला! हे वाचल्यावर मला रात्री झोप लागली नव्हती.

मी इंग्लंडमध्ये शेफील्डला टूलरूममध्ये, म्हणजे अचूक मापाची हत्यारं आणि सुटे भाग घडवणाऱ्या विभागात, काम करते. पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातले खडबडीत वालुकाश्म घरापासून अर्ध्या तासावर आहेत. क्लबच्या जुन्या गाड्यांच्या गटात, म्हणजे १९६५ च्या आधीच्या बनावटीच्या इंजिनांच्या गटात, मी उतरते. माझी उंची पाच फूट दोन इंच, त्यामुळे ५०० सीसीचा एरियल, ही जड ब्रिटिश गाडी, मी कितीही डोळे भरून पाहिला तरी चढावर बंद पडलेला तो घोडा तिथेच पुन्हा किक मारून चालू करणं मला झेपणारं नाही. कबचं इंजिन १९९ सीसीचं, ६३ बाय ६४ मिलिमीटरचं. मधल्या दगडावर एका पायावर तोल सांभाळतही किक बसते. आणि कब दुबळी नाही: १९५९ ला रॉय पेप्लोने कबवरच ती स्कॉटिश स्पर्धा जिंकली होती.

मग मूळ चासी का काढून टाकायची? ती कामावर जायच्या गाडीची आहे म्हणून. त्या चासीत इंजिन खाली बसतं, पोट दगडाला लागतं, आणि फुटरेस्ट बसून चालवणाऱ्यासाठी पुढे असतात. ट्रायल्समध्ये आपण पूर्ण वेळ उभे असतो. फुटरेस्ट पुढे असले की सगळं वजन पुढच्या चाकाच्या दिशेने कलतं. मग पायरीसारख्या दगडावर पुढचं चाक उचलायला हात ओढावे लागतात आणि हात ओढले की हॅण्डल फिरतं. मागे आणि खाली आले की गुडघे नुसते सरळ केले तरी पुढचं चाक हलकं होतं. पहिले चार महिने मी जुनी सवय घेऊनच चालवत होते आणि गाडीला नावं ठेवत होते. मार्चमधल्या एका ट्रायलला क्लबमधल्या एका आजोबांनी मला थांबवून सांगितलं, "बोटं सोड, पायांनी चालव." त्या दिवशी तीस सेक्शनांत माझे २२ गुण गेले. आधीच्या महिन्यात त्याच पातळीच्या तीस सेक्शनांत ४७ गेले होते.

या देशात दुसऱ्याच्या इंजिनाला स्वतःची चासी करण्याची जुनी परंपरा आहे. सॅमी मिलर या ट्रायल्स स्वाराने त्याचा एरियल, ज्याचा नंबर जीओव्ही १३२ घराघरांत ठाऊक होता, वर्षानुवर्षं कातरत, घासत, हलका करत नेला आणि १९६२ व १९६४ ला स्कॉटिश जिंकला. मग तो बुल्टाको या स्पॅनिश कंपनीकडे गेला आणि १९६५ ला तीच स्पर्धा टू-स्ट्रोकवर जिंकला. तिथून या जड ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्यांचं राज्य संपलं. रिकमन बंधूंनी स्क्रॅम्बलसाठी, म्हणजे मातीतल्या शर्यतींसाठी, ट्रायम्फच्या इंजिनाभोवती नळ्यांची चासी केली आणि तिला मेटिस म्हटलं, म्हणजे फ्रेंचमध्ये संकर. माझी गाडीही तशीच संकरित आहे: इंजिन कबचं, पुढच्या चाकाचं हब बीएसए बॅन्टम या दुसऱ्या ब्रिटिश गाडीचं, कार्ब्युरेटर अमल कंपनीचा, चासी एका छोट्या कारखान्यातली.

या कारखान्याचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत. फ्रेम, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता भाग), इंजिनप्लेट (इंजिन फ्रेमला धरणाऱ्या पट्ट्या) आणि फुटरेस्ट मिळून १,६५० पौंड पडले. सांगितले होते आठ आठवडे, लागले एकोणीस. नळ्या रेनॉल्ड्स ५३१ च्या, म्हणजे मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या. हे पोलाद जास्त तापवलं की सांध्याजवळ ठिसूळ होतं, म्हणून जुने कारागीर ते वितळवून जोडत नाहीत, कमी उष्णतेवर ब्राँझ भरून जोडतात. माझ्या चासीवर ते काम फार सुंदर झालंय. प्रत्येक सांध्यावर ब्राँझची सारख्या जाडीची लहर आहे, आणि रंग द्यायच्या आधी मी ती कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते. आप्पांना व्हिडिओ कॉलवर दाखवली तर ते म्हणाले, "हा माणूस हातानं लिहितोय गं."

पण मापात घोळ होता. डाव्या इंजिनप्लेटचं वरचं भोक दीड मिलिमीटर खाली होतं. कानस चालवून भोक मोठं करायचा सल्ला मला फोनवर मिळाला. मी तो मानला नाही, नवी प्लेट कापली. मोठ्या भोकात बोल्ट हलतो, आणि हलणारा बोल्ट फ्रेम खातो. चेनची रेघही जुळत नव्हती, मागचं स्प्रॉकेट चार मिलिमीटर आत होतं. त्यासाठी लेथवर स्पेसर काढला. माझ्या हाती टूलरूम होती म्हणून हे एका शनिवारात झालं. ज्याच्याकडे लेथ नाही त्याने हा खर्च आधीच धरावा.

तिसरी चूक माझी. फ्रेमला पावडर कोटिंग दिलं आणि इंजिनाच्या माऊंटिंगच्या तोंडांवरचा थर खरवडला नाही. थर बोल्टखाली दबत गेला आणि दुसऱ्याच ट्रायलला तिन्ही बोल्ट सैल. शिवाय अर्थिंग नीट मिळेना, गाडी मधूनच फुर्र करून बंद पडायची आणि मी आठवडाभर इग्निशनवर संशय घेत बसले. पावडर कोटिंग करणार असाल तर बोल्टच्या जागा आधी झाकून घ्या.

सहाव्या महिन्यात सायलेन्सरच्या ब्रॅकेटपाशी केसासारखी तडा दिसली. मोठ्या नळीला काही झालेलं नव्हतं. ब्रॅकेट कडक होतं आणि सायलेन्सर थरथरत होता, एवढंच. ब्रॅकेट काढून रबरावर घेतलं, तडा ब्राँझने भरली. तेव्हापासून दर ट्रायलनंतर गाडी धुताना मी सगळे सांधे बोटाने चाचपते.

मागचे शॉक ठीक आहेत. फोर्क जुनेच, आत नव्या स्प्रिंगा. त्याबद्दल सांगण्यासारखं जास्त काही नाही.

टाकीबद्दल मात्र सांगायला हवं. मी हौसेने फायबरग्लासची जुन्या ढबीची टाकी लावली होती. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते फायबरग्लासमधल्या जुन्या राळेला (रेझिनला) मऊ करतं. पाचव्या महिन्यात टाकीच्या तळाला बोट लावलं तर चिकटलं, आणि कार्ब्युरेटरच्या पायलट जेटमध्ये, म्हणजे मंद चालीचं पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, मधासारखा पिवळा गाळ साचलेला. आता ॲल्युमिनियमची टाकी आहे. भारतातही पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढत गेलंय, तेव्हा जुन्या गाड्यांना फायबरच्या टाक्या लावणाऱ्या मित्रांनी हे वाचून सोडून देऊ नये.

इंजिन मी स्वतः बांधलं. टायमिंगच्या बाजूचा बुश (क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) झिजला की बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, पोचणारं तेल कमी होतं, हे कबचं जुनं दुखणं. मी बुश नवा टाकला, बदलून बेअरिंग लावलं नाही, आणि त्याचा मला आता पश्चात्ताप होतोय, कारण गरम झाल्यावर तेलाचा परतीचा प्रवाह हल्ली मंदावतोय. फ्लायव्हीलला वजन वाढवलं, कॉम्प्रेशन कमी ठेवलं. त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये अगदी मंद फटफट करत गाडी दगडावर चढते, मागचं चाक घसरत नाही. मागच्या ४.०० बाय १८ टायरमध्ये पाच पीएसआय हवा ठेवते, रिमलॉक (टायर रिमला दाबून धरणारा तुकडा) बसवूनच. नाहीतर इतक्या कमी हवेत टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून निघतो.

जूनमध्ये आप्पा आले होते. चाळीस वर्षं बुलेट आणि राजदूत उघडलेला माणूस. ट्रायल्स त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली आणि पहिला तासभर त्यांना काही पटेना. "पळवायचीच नाही, मग एवढा जीव कशाला घालायचा गं?" मी त्यांना सांगितलं की त्यांच्या आवडत्या बुलेटवरच जॉनी ब्रिटनने १९५२ ला आणि १९५७ ला स्कॉटिश जिंकली होती. त्यावर ते गप्प झाले, आणि मग ओढ्याच्या काठाने माझ्यामागून सेक्शन-सेक्शन चालत राहिले. दुपारी गाडी बंद न करता त्यांनी कान लावला. "खाली लीन आहे," म्हणाले, म्हणजे मंद चालीत पेट्रोल कमी आणि हवा जास्त, आणि पायलट एअर स्क्रू पाव आटा आत घेतला. त्याआधी बंद थ्रॉटलवरून उचलताना एक हलका अडखळा होता, तो गेला. मी तो सहा महिने सहन करत होते.

अशी चासी कोणी घ्यावी? ज्याला निदान वर्षभर साध्या गाडीवर पडून-उठून कळलंय की आपला पाय नेमका कधी खाली जातो, त्याने. मी पहिल्याच वर्षी घेतली असती तर पैसे वाया गेले असते, कारण काय बदललं हेच मला कळलं नसतं. आणि घेण्याआधी आपल्या क्लबचे नियम विचारा. चासी किती नवी चालेल, फोर्कची योक (फोर्कचे दोन पाय धरणारी पट्टी) कुठल्या काळातली हवी, हे क्लबागणिक बदलतं. एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला स्कॉटलंडमध्ये किनलॉकलेव्हनला भरणाऱ्या प्री-६५ (१९६५ च्या आधीच्या गाड्यांच्या) स्पर्धेत तपासणी कडक असते, आणि पाइपलाइन नावाचा तिथला चढ मला एकदा चढायचाच आहे. त्यासाठी या हिवाळ्यात इंजिन उतरवून त्या बुशच्या जागी बेअरिंग बसवते आहे. केसिंग शुक्रवारी बोअरिंगला जाईल.