रक्कम वाढवा की उत्पन्नाची अट? ज्येष्ठांच्या मागणीपत्रात पहिली ओळ कोणती

विधानसभेचे उमेदवार दारात येतील तेव्हा त्यांच्या हातात द्यायचं मागणीपत्र एका पानाचंच असावं, आणि पहिली मागणी एकच. सोलापुरातल्या ज्येष्ठ नागरिक संघांना ती दोहोंतून निवडायची आहे: गरीब ज्येष्ठांना राज्य सरकार दरमहा देतं ते श्रावणबाळ योजनेचं अनुदान वाढवा, की त्या योजनेची उत्पन्नमर्यादा वाढवा.

अनुदानवाढ मागणं सोपं. सभेत टाळ्या पडतात, उमेदवारही लगेच हो म्हणतो. 2023 मध्ये महिन्याचे 1,000 चे 1,500 झाले, म्हणजे ती पदरात पडू शकते. मागणी रास्तच आहे. औषधांचा खर्च पाहिला तर 1,500 कुठे पुरतात? पण यादीत ज्याचं नावच नाही, त्याला या वाढीचा एक रुपयाही मिळत नाही.

यादीबाहेर कोण राहतं, ते पाहा. श्रावणबाळसाठी वय 65 आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत लागतं. महिन्याला 1,750! पूर्वभागातली, जन्मभर विड्या वळलेली आजी मुलाकडे राहते, मुलगा यंत्रमागावर कामाला जातो. त्याच्या एका पगारावर ती अपात्र ठरते. त्या पगारातून घरभाडं, किराणा, पोरांची शाळा भागली तर आजीच्या गोळ्या येणार. दुसरीकडे, लाडकी बहीण योजनेत अडीच लाखांपर्यंतचं उत्पन्न चालतं. एकदाच 3,000 रुपये देणाऱ्या वयोश्री योजनेतही मर्यादा दोन लाखांची आहे. म्हणजे तीच बाई, तेच घर, तेच उत्पन्न. 65 पर्यंत लाडकी बहीणचे महिन्याला 1,500 मिळतात आणि हातपाय थकल्यावर बंद होतात. मला हे अजिबात पटत नाही.

अट वाढवून घेणं अवघड आहे, हे खरं. लाभार्थी वाढले की तिजोरीवर भार येतो, म्हणून उमेदवार ‘बघू’ म्हणेल. संघातल्या ज्यांना अनुदान सुरू आहे, त्यांनाही समजवावं लागेल. तरी मी हीच मागणी वर ठेवीन, ‘दोन लाख’ असा आकडा घालून आणि खाली उमेदवाराची सही घेऊन. अनुदानवाढ दुसरी. तुमचा संघ निवृत्त नोकरदारांचा असेल, तर उत्पन्नमर्यादेच्या मागणीसाठीच झटा. तहसील कचेरीतले कागद तुम्हाला वाचता येतात, त्या आजीला येत नाहीत.

नळाला पाणी किती दिवसांनी, सिटी बस, वॉर्डातला दवाखाना हे महापालिकेच्या उमेदवारांना विचारा. विडी कामगारांची ईपीएस-95 ची, म्हणजे केंद्राच्या भविष्य निर्वाह निधीतली, किमान पेन्शन 2014 पासून 1,000 वरच आहे, ती खासदारांकडे न्या. सगळं एकाच पानात कोंबलं, की ‘हे माझ्या हातात नाही’ म्हणायला प्रत्येकाला वाट सापडते.

संघात 85 च्या पुढचे कोणी असतील, तर त्यांना घरून मतदान करता येतं. त्यासाठीचा 12-ड अर्ज अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो, तेव्हा त्यांची नावं आत्ताच काढून ठेवा.