हर्क्युलेनियम रिव्ह्यू: रोमन लोक रोज कसे जगायचे ते बघायचं असेल तर इथे जा

इटलीतल्या नेपल्सला जाणारा प्रत्येक जण पॉम्पेई करतो आणि परत येतो, पॉम्पेई भव्य आहेच, पण रोमन माणूस कसल्या पलंगावर झोपायचा, भाड्याच्या खोलीत कसा राहायचा, दारू कितीला घ्यायचा हे बघायची हौस असेल तर त्याच ट्रेन लाईनवर पॉम्पेईच्या आधी एर्कोलानो स्काव्ही स्टेशन लागतं तिथे उतरा. समोरच्या उताराच्या रस्त्याने सरळ खाली चालत गेलं की हर्क्युलेनियम या गाडल्या गेलेल्या रोमन शहराचं गेट. माझ्याकडून पाच पैकी पाच.

दोन्ही शहरं इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीनेच गाडली, पण तऱ्हा वेगळी. पॉम्पेईवर तासन्‌तास दगडांचा पाऊस पडला आणि छपरं त्या वजनाने खाली आली. हर्क्युलेनियमवर रात्री तापलेल्या राखेचे आणि वायूचे लोट आले, त्यात लाकडाचा जागच्या जागी कोळसा झाला आणि वर जवळपास 20 मीटर थर साचून त्याचा दगड बनला. म्हणून इथे वरचे मजले, तुळया, दारं, फळ्या अजून दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड, विचार करा!

मला सगळ्यात आवडलं ते कासा आ ग्रातिच्चो. श्रीमंताचा वाडा नाही हा, भाडेकरूंचं घर आहे, लाकडी चौकटी उभ्या करून मधे दगडचुना भरलेला, आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीसारखीच कमी खर्चाची युक्ती, वर जायला रस्त्यावरून वेगळा जिना आणि फुटपाथवर आलेली गॅलरी. थोडं पुढे लाकडी पार्टिशनवालं घर आहे, मोठ्या दिवाणखान्यामागची खोली बंद करायला घडीचे दरवाजे, त्यावर दिवे अडकवायला ब्राँझचे आकडे. हे असं पॉम्पेईत सहसा बघायला मिळत नाही. कपडे दाबायचा लाकडी स्क्रू-प्रेससुद्धा टिकलाय.

दुकानांसमोर मात्र सावकाश थांबा, घाईत पुढे जाऊ नका. नेपच्यूनच्या मोझेइकवाल्या घराला लागून एक दुकान आहे, त्यात मद्याचे रांजण ठेवायची लाकडी मांडणी अजून भिंतीला आहे. आणि एका दुकानाच्या भिंतीवर चक्क रेटबोर्ड रंगवलाय, वेगवेगळ्या रंगांचे चार चंबू आणि प्रत्येकाखाली भाव, 2 आसपासून साडेचार आसपर्यंत (आस म्हणजे तांब्याचं नाणं, चार आसचा एक सेस्टर्स). गिऱ्हाईक वाचता न येणारं असलं तरी बोट दाखवून मागू शकेल, मला हे फार हुशारीचं वाटलं.

इथल्या एका गल्लीखालच्या गटारातून संशोधकांनी मैल्याची 700 च्या वर पोती काढली, त्या गटाराच्या वर राहायचे ते साधे दुकानदार आणि भाडेकरू. त्यात अंजीर, ऑलिव्ह, अंडी, समुद्री अर्चिन, कितीतरी जातींच्या माशांचे काटे. साधी माणसं नुसत्या पेजेवर जगायची ही समजूत इथे साफ खोटी पडते आणि माझ्या मते हा शोध कुठल्याही सोन्याच्या दागिन्यापेक्षा मोठा आहे.

जुना समुद्रकिनारा जून 2024 पासून लोकांसाठी खुला आहे. तिथल्या होड्या ठेवायच्या कमानींत जवळपास 300 लोकांचे सांगाडे सापडले होते, तिकडे लहान मुलांना नेताना आधी सांगून ठेवा.

एकाच दिवसात पॉम्पेई, ज्वालामुखी आणि हे असं कोंबणारी टूर अजिबात घेऊ नका. आमच्या टूरवाल्याने इथे तासाभराच्या आत बाहेर काढलं, म्हणून नंतर मी स्वतःहून परत आले आणि तेव्हाच खरं बघणं झालं. अर्धा दिवस ठेवा. जागा आटोपशीर आहे, बहुतेक जुनं शहर अजून आजच्या एर्कोलानोच्या घरांखालीच आहे. दुरुस्तीमुळे काही घरं आलटून पालटून बंद असतात. टोपी, पाणी, चांगले बूट हवेतच.

आणि नेपल्सचं पुरातत्त्व म्युझियम जोडूनच करा, इथल्या कितीतरी वस्तू तिकडे आहेत, 'क्विंटस ग्रानियस व्हेरसचा गुलाम केलेर' असा शिक्का मारलेला करपलेला पावसुद्धा. तिथेच सीक्रेट कॅबिनेटमध्ये (कामुक चित्रं-मूर्तींचं दालन) 1938 साली पॉम्पेईत सापडलेली हस्तिदंती भारतीय बाई आहे, जिला पॉम्पेई लक्ष्मी म्हणतात, तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्यात. आपल्याकडचा माल कुठवर पोचायचा ते तिच्यासमोर उभं राहिलं की कळतं. ते दालन कधीकधी बंद असतं, तिकीट काढतानाच विचारून घ्या.