नवा सांगून जुना अल्टरनेटर बसवला, ६२ हजार घेतले. हायवेला गाडी अडकली तर जुना पार्ट सोडू नका

गणपतीला आता सगळे गाड्या काढून गावी निघतील म्हणून हे लिहितोय, लांब झालंय पण वाचा, आणि ज्यांच्याकडे टर्बो पेट्रोलवाली जोरदार गाडी आहे त्यांनी तर नक्कीच वाचा कारण अशी गाडी दारात आली की काही लोकांच्या डोक्यात मीटर आपोआप पडतं.

माझी गाडी जर्मन सेडान आहे, दोन लिटर टर्बो पेट्रोल, डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स. पुण्यातल्या एकाकडून सेकंडहॅंड घेतलेली, त्यामुळे पासिंग एमएच १२ आणि मालक, म्हणजे मी, कुडाळचा. पुढे जे झालं त्यात या नंबरप्लेटचा हात मोठा आहे असं माझं ठाम मत आहे.

संगमेश्वर सोडलं आणि पावसाने धरलं. वायपर, हेडलाइट, एसी, मागच्या काचेचा डिफॉगर, सगळं चालू. बॅटरीचा लाल दिवा लुकलुकायला लागला, रेस दिली की जायचा, पाय काढला की परत यायचा. थोडं पुढे गेल्यावर तो लागला तो लागलाच, मग स्टिअरिंग जड, एबीएसचा दिवा, गिअरबॉक्सचा मेसेज, सगळी दिवाळी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चालू गाडीत वीज तयार करून बॅटरी चार्ज करतो तो अल्टरनेटर, आणि या गाड्यांचं स्टिअरिंग विजेवर चालतं, करंट कमी पडला की एकेक सिस्टीम तक्रार करायला लागते, म्हणजे सगळं एकदम बिघडलंय असं नसतं. आई सोबत, अंधार पडत आलेला, हायवेच्या कडेला जे गॅरेज उघडं दिसलं तिथे गाडी घातली. गॅरेजचं नाव गाव मुद्दाम देत नाही, प्रकरण चालू आहे.

गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, गाडी चालू ठेवायला सांगितली आणि सरळ बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल उपटलं! इंजिन बंद पडलं. "बघा साहेब, गेला तुमचा अल्टरनेटर." ही ट्रिक जुन्या कार्ब्युरेटरवाल्या पेट्रोल गाड्यांवर चालायची, त्यांत उडण्यासारखं इलेक्ट्रॉनिक्स फारसं नव्हतंच. आजच्या गाडीत चालू इंजिनला बॅटरी काढली तर अल्टरनेटर चालत असेल तर व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयूपर्यंत (गाडीचा कॉम्प्युटर) काहीही उडू शकतं. कुणी असं करायला हात पुढे केला तर तिथेच अडवा.

मग विचारपूस, "साहेब पुण्याचे का? दापोली का गणपतीपुळे?" अल्टरनेटर नवा टाकायला लागेल, ओरिजिनल, कोल्हापूरहून मागवतो, उद्या संध्याकाळी गाडी घेऊन जा, ६२ हजार फिटिंगसकट, निम्मे आता द्या. मधेच मी आईशी मालवणीत बोललो तेव्हा त्याचा चेहरा जरा पडला, रेट काही पडला नाही. रिपेअर होत नाही का, कार्बन (आत घासणारे ब्रश) किंवा आयसी (व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर) बदलून बघा म्हटलं तर म्हणे या गाड्यांचे उघडत नाहीत, अख्खा बदलायला लागतो. बॅटरीपण बदला म्हणत होता, ती मी बदलू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो तर काम झालेलं. नवाकोरा खोका दाखवला, सील फोडलेलं, आत काही नाही. बोनेटखाली चांदीसारखा चकचकीत अल्टरनेटर. बिल मागितलं तर पक्कं हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वर. बरंच वाजल्यावर त्याने शिक्का मारून कच्च्या पावतीवर हाताने लिहून दिलं, अल्टरनेटर नवीन, १ वर्ष वॉरंटी. आणि माझा जुना? "तो कंपनीला परत करायला लागतो साहेब, एक्सचेंजमधे असतो, सकाळीच टेम्पोने गेला." एक्सचेंज म्हणावं तर बिलात त्याचा एक रुपया वजा नाही. एक्सचेंज स्कीम खऱ्या असतात, नाही असं नाही, पण मग जुन्याची किंमत कागदावर दिसते.

घरी येईपर्यंत ठीक होतं. नंतर सकाळी स्टार्ट केल्यावर बेल्टची चिवचिव, एसी लावला की जास्त. गणपती तोंडावर आले तेव्हा एका रात्री ओरोसजवळ परत तोच लाल दिवा. यावेळी मी आमच्या इथल्या बॅटरीवाल्या काकांकडे गेलो, ते अजून डायनामोच म्हणतात पण हात असा की कान लावून बेअरिंग सांगतात.

काकांनी बेल्ट उतरवला, मागून पंख्याच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून रोटर (आतला फिरणारा भाग) धरला आणि पुली हाताने फिरवली. दोन्हीकडे घट्ट. माझ्या गाडीला येते ती फ्रीव्हील पुली, एका बाजूला रोटरला घेऊन फिरते, दुसऱ्या बाजूला मोकळी सुटते, म्हणजे गिअर पडताना इंजिनचे आरपीएम झटकन खाली आले तरी बेल्टला हिसका बसत नाही. इथे साधी भरीव पुली ठोकलेली, चिवचिव त्याचीच. मग अल्टरनेटर खाली उतरवला. काकांच्या मुलाला म्हटलं मोबाईल काढ आणि उघडायच्या आधीपासून सगळं शूट कर (हे फार कामाला आलं). स्टिकरची कड नखाने उचलली तर खाली दुसरा स्टिकर, अर्धवट खरवडलेला, त्यावर ११० अँपिअर. माझ्या गाडीचा १४० चा. फरक तीसचाच वाटतो पण पावसात रात्री सगळे लोड चालू असले की तो तीसच कमी पडतो.

मागचं कव्हर काढलं. वायरिंगच्या वेटोळ्यात, रोटरच्या नख्यांच्या मधे वाळलेला तांबूस चिखल, बारीक, बोटाला पिठासारखा लागत होता. बाहेरून सॅंडब्लास्ट करून स्प्रे मारलेला, आत हात घालायचा कुणाला कंटाळा. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यो नवो म्हणून कोणी दिल्यान तुका? ह्यो पुरात बुडान इलेलो हा." कुठल्या पुरातला ते देव जाणे. २०१९ ला सांगली-कोल्हापूर बघितलं, २०२१ च्या जुलैत चिपळूण बघितलं, एवढ्या गाड्या बुडाल्या, विम्यात टोटल लॉसमधे गेल्या, त्यांचे पार्ट कुठेतरी जाणारच की.

आणि खरी चीड आली ती पुढच्या वाक्याला. मी काकांना पहिल्या रात्रीचं सगळं सांगितलं, दिवा लुकलुकायचा, रेसवर जायचा. ते म्हणाले बहुतेक कार्बन झिजले असणार, आयसीसकट तो सेट काही हजारात येतो, अर्ध्या दिवसाचं काम. "तुझो जुनो खंय हा? आण, बघूया." तोच तर नाही! म्हणजे पहिला बिघाड काय होता हे आता कधीच कळणार नाही, पुरावा त्याच्याकडे, आणि माझा चांगला १४० चा पीस, चिखल न लागलेला, दोन कार्बन घालून स्प्रे मारला की पुढच्या एमएच १२ ला नवा म्हणून ६२ हजाराला तयार. अख्खा धंदा जुन्या पार्टवर चालतो हो, खोटा खोका वगैरे नंतरची गोष्ट.

म्हणून रेट ठरवायच्या आधीच सांगायचं, जुना पार्ट माझा, डिकीत ठेवा. पैसे दिल्यावर नाही, आधी. जो खरंच नवा टाकणार आहे त्याला काही फरक पडत नाही. उतरवायच्या आधी जुन्याच्या नंबरचा फोटो आणि बसवल्यावर नव्याच्या नंबरचा फोटो, पार्ट नंबर आणि अँपिअर दोन्ही बघा.

शक्य असेल तर पाचशे रुपयाचा मल्टीमीटर गाडीत ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, चालू गाडीत साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास. फक्त या नवीन गाड्यांत ईसीयू सांगेल तेवढाच अल्टरनेटर चार्ज करतो, पेट्रोल वाचवायला कधी कधी मुद्दाम आकडा खाली ठेवतो, त्यामुळे नुसत्या आयडलला कुणी १२.८ दाखवून "गेला" म्हणाला तर लगेच मान हलवू नका, हेडलाइट, ब्लोअर, मागचा डिफॉगर लावा आणि मग बघा वर चढतो का. चालू गाडीत मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टच्या वर येत असेल तर अल्टरनेटरच्या आतला डायोड (एसीचा डीसी करणारा) गेलेला असू शकतो. आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आधी अर्थिंगची पट्टी आणि अल्टरनेटरचा वायरिंगचा प्लग बघायला सांगा, हिरवा गंज चढून चार्जिंग मार खातं, घासून नीट बसवलं की दिवा जातो असं काकांनी कितीतरी गाड्यांत बघितलंय.

गॅरेजवाल्याला फोन केला तर ठरलेलं उत्तर, इलेक्ट्रिक पार्टला वॉरंटी नसते आणि तुम्ही बाहेर उघडलात. पावतीवर त्याच्याच अक्षरात वॉरंटी लिहिलेली, पैसे यूपीआयने गेलेले, व्हिडिओ आहे. १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) तक्रार टाकली, ते लोक दुकानदाराशी बोलून बघतात पण निकाल देत नाहीत. त्याच्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे पुण्यामुंबईच्या लोकांना तारखेसाठी कोकणात यायला नको, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि २ वर्षांच्या आत करायची. ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर भरता येते. माझी नोटीस गेलीय.

नोटीस मिळाल्यावर त्याचा फोन आला, निम्मे घ्या आणि मिटवा म्हणत होता. मी म्हटलं पूर्ण पैसे आणि माझा जुना अल्टरनेटर, दोन्ही पाहिजेत. तो म्हणाला जुना आता कुठून आणू, तो गेला. कुणाच्या गाडीत गेला विचारलं तर फोन कट.